बिजागरीची बंदूक

नळी आणि दस्ता बिजागरीने जोडलेली बंदूक. वरचा खटका बाजूला सारला की नळीचे तोंड खाली झुकते, मागची बाजू उघडते आणि तिथे काडतूस बसवता येते. कोकणात ती बहुधा बारा बोअरची, एकनळी किंवा दुनळी असते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर एका गोळीच्या व्यासाएवढी ही नळी, म्हणजे सुमारे १८.५ मिमी. त्यामुळे बोअरचा आकडा वाढला की नळी अरुंद होते.

पॅरिसचे बंदूककार काझिमीर लेफोशो यांनी १८३० च्या दशकात ही रचना रूढ केली. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या अ‍ॅन्सन आणि डीली यांनी घोडे, म्हणजे चाप ओढताच आपटून काडतूस पेटवणारे हातोडे, आत दडवले. नळी झुकली की ते आपोआप ताणले जातात. दुनळीत साधारणपणे पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार पीकसंरक्षणासाठी मुळात ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीचा परवाना मिळतो; ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. रानडुक्कर मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. ठासणीत बार भरलेला आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही, आणि घात तिथेच होतो. बिजागरीची बंदूक मोडली, म्हणजे नळी झुकवून उघडली, की रिकामी आहे हे चारचौघांना दिसते. काडतूस भरायची सोय याच्या तुलनेत दुय्यमच म्हणायची.

म्हणून हातात देताघेताना ती मोडलेलीच असावी. गडगा किंवा वई ओलांडताना, माचाणावर चढताना आधी काडतुसे काढावीत. चापाची अडसर-कळ फक्त चाप अडवते, ताणलेले घोडे तसेच राहतात. तिच्यावर विसंबू नये. बंद करताना नळी जमिनीकडे ठेवून दस्ता वर उचलावा. चित्रपटातल्यासारखा मनगटाचा झटका दिला की बिजागरी खिळखिळी होते.

चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबावे, मगच उघडावी. बार फुसका वाजला तर नळीत काही अडकले नाही ना, हे पाहिल्याशिवाय दुसरा टाकू नये. सर्वांत वाईट चूक म्हणजे वीस बोअरचे काडतूस बारा बोअरमध्ये घालणे. ते घसरून पुढे अडकते, मागे बारा बोअरचे सहज बसते, आणि बार होताच नळी हातात फुटते. वीस बोअरची काडतुसे पिवळी करतात ती याचसाठी.

खाऱ्या, दमट हवेत नळीला आतून गंज चढतो. पावसाळ्यात वारंवार पुसून तेलाचा पातळ हात द्यावा लागतो. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आली, की आधी मोडून नळीतून उजेडाकडे पाहावे. कुंभारीण माशीला मातीचे घर करायला अशी अंधारी पोकळी पुरते.