खानदेशातील राजवंशावळ्या

खानदेशातील राजवंशावळ्या : तापी, गिरणा व पांझरा यांच्या खोऱ्यांत सत्ता गाजवलेल्या घराण्यांनी आपले कूळ पुराणातल्या किंवा दूरदेशीच्या एखाद्या विख्यात पुरुषापर्यंत नेऊन भिडवण्याची प्रथा, आणि तिची ऐतिहासिक तपासणी. प्रदेश म्हणजे आजचे जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे व पूर्वी याच मुलखात मोडणारे बऱ्हाणपूर. अशा वंशावळीचे बहुधा दोन भाग पडतात. खालच्या पिढ्यांना ताम्रपट, शिलालेख, सोयरिकी यांचा आधार असतो. वरच्या पिढ्या सूर्य, चंद्र, यदू किंवा एखाद्या खलिफापासून उतरत येतात. हे दोन भाग जिथे जुळवलेले असतात, नेमका तिथला पुरावा मिळत नाही. तरी वरचा भाग टाकाऊ मानू नये. लेख कोरला गेला त्या दिवशी त्या घराण्याला कोणाच्या पंक्तीला बसायचे होते, हे त्यातूनच कळते.

देवादिकांपर्यंत वंश नेण्याची ही रीत खानदेशात मुळापासून नव्हती. खानदेशाच्या वेशीवरील अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटकांची वंशावळ कोरवली. ती विंध्यशक्तीपासून, म्हणजे घराण्याच्या मूळ पुरुषापासून सुरू होते. त्याच्या वर कोणी नाही. १७ व्या लेण्यातील लेखात वाकाटकांच्या एका मांडलिक घराण्याच्या पिढ्या आहेत : धृतराष्ट्र, हरिसांब, शौरिसांब, उपेंद्रगुप्त, काच आणि पुढे कृष्णदासापर्यंत. हे घराणे ऋषिक देशाचे व ऋषिक म्हणजेच खानदेश, असे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांचे मत आहे. या राजांनी एवढे अप्रतिम लेणे खोदवले, पण आपण सूर्याचे की चंद्राचे, हे सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही.

पुढच्या सहा शतकांत चित्र पालटले. मांडलिक घराणी स्वतंत्र होऊ लागली, मोठ्या राजकुळांशी सोयरिकी जुळवू लागली आणि प्रशस्ती रचणारे पंडित पदरी ठेवू लागली. पुराणांतील सोमवंश व सूर्यवंश तयारच होते. आपले कूळ त्यातल्या एखाद्या फांदीला जोडायचे एवढेच उरले होते.

सेऊण देशाच्या यादवांचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. शके ९९१ (इ.स. १०६९) मधील दुसऱ्या सेऊणचंद्राच्या वसई ताम्रपटात घराण्याचा आरंभ दृढप्रहारापासून होतो आणि त्याची राजधानी चंद्रादित्यपूर, म्हणजे बहुधा आजचे चांदवड, असल्याचे दिसते. सुमारे दोनशे वर्षांनी यादवांचा श्रीकरणाधिप (राजदफ्तराचा प्रमुख) हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडात राजप्रशस्ती लिहिली, तेव्हा हाच वंश चंद्रापर्यंत गेला होता. यादव आधी मथुरेचे, कृष्णाच्या काळापासून द्वारकेचे. पुढे सुबाहू नावाच्या सार्वभौम राजाने चार मुलांना पृथ्वी वाटून दिली आणि दुसरा मुलगा दृढप्रहार दक्षिणेचा धनी झाला, असे हेमाद्री सांगतो. राजधानीचे नावही तिथे बदलून श्रीनगर झाले आहे. रा. गो. भांडारकरांनी १८८४ मध्ये दख्खनच्या प्राचीन इतिहासात ही प्रशस्ती आणि ताम्रपट शेजारी ठेवून तपासले. आजही कामाला यावी अशी ती पद्धत आहे. हेमाद्रीच्या हाताशी राज्याचे दफ्तर होते, म्हणून दृढप्रहाराच्या खालची त्याची नामावळ बरीचशी भरवशाची ठरते. वरची पुराणातून आलेली आहे. तिसऱ्या भिल्लमाने चालुक्य जयसिंहाची मुलगी केली, अशा नोंदींना परघराण्याचा दुजोरा मिळतो. सुबाहूला तसा दुजोरा कुठेच नाही. द्वारकेचे स्वामित्व सांगणारे बिरुद कर्नाटकातले होयसळ राजेही मिरवत. दोन प्रतिस्पर्धी घराणी एकाच उगमावर हक्क सांगत असतील, तर त्या हक्कामागे कुळाइतकेच राजकारणही आहे हे ओळखले पाहिजे.

वसई ताम्रपटाच्याच वर्षी, शके ९९१ मध्ये, चाळीसगावजवळच्या वाघळी येथे सेऊणचंद्राचा मांडलिक गोविंदराज याचा शिलालेख कोरला गेला. गोविंदराज स्वतःला मौर्य म्हणवतो आणि घराण्याचे मूळ ठिकाण सौराष्ट्रातील वलभी असल्याचे सांगतो. मगधाचे मौर्य साम्राज्य इ.स.पू. १८५ च्या सुमारास संपले. त्याच्यात आणि वाघळीत साडेबाराशे वर्षे आहेत. मधल्या काळात मौर्य नावाची छोटी घराणी होती, हे मात्र खरे. इ.स. ६३४ च्या ऐहोळे लेखात कोकणच्या मौर्यांचा उल्लेख येतो. नाव टिकले होते. रक्ताचे नातेही टिकले होते असे त्यावरून म्हणता येत नाही. आभीरांबाबतही हाच विवेक हवा. नाशिकच्या लेण्यात तिसऱ्या शतकातील आभीर राजा ईश्वरसेन, शिवदत्ताचा पुत्र, याचा लेख आहे. फार्सी इतिहासकार फिरिश्ता याच्या ग्रंथात असीरगडाचा धनी म्हणून आसा अहीर येतो. या दोघांमध्ये हजार वर्षांहून मोठी पोकळी आहे आणि तिच्यात पिढ्यांची साखळी सापडत नाही. गवळी राजांच्या लोककथा ती पोकळी भरून काढतात, पण त्यांना वंशावळीचा पुरावा मानता येत नाही.

चाळीसगाव तालुक्यातील पाटण हे गाव या विषयाच्या अभ्यासकाने पाहावेच. तिथल्या निकुंभ या मांडलिक घराण्याने आपला वंश रामाच्या सूर्यवंशाला जोडला, पण लेखांतील खालच्या पिढ्या ठोस आहेत. इंद्रराजामागे त्याची राणी श्रीदेवी हिने गोवन या मुलाच्या वतीने कारभार पाहिला आणि नवऱ्याने सुरू केलेले शिवालय पुरे केले, असे शके १०७५ चा लेख सांगतो. शके ११२८ चा दुसरा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ काढला व निकुंभ सोइदेवाने त्याला दान दिले, याची ती नोंद आहे. त्यात राजांच्या जोडीने पंडितांचीही वंशावळ येते : त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कराचार्य, लक्ष्मीधर, चांगदेव. गिरणेकाठच्या बहाळ येथील शके ११४४ च्या लेखात याच पंडित घराण्यातील अनंतदेव आपली परंपरा मनोरथ, महेश्वर, श्रीपती, गणपती अशी देतो. दोन गावचे दोन लेख, दोन शाखा, आणि मनोरथ व महेश्वर ही नावे तंतोतंत जुळतात. महेश्वराचे नाव तर भास्कराचार्य स्वतःही देतात. वंशावळीला याहून चांगली साक्ष क्वचितच मिळते.

पण वरच्या टोकाला इथेही अडचण येते. भोजराजाने भास्करभट्टाला ‘विद्यापती’ केले, असे पाटणचा लेख म्हणतो. भास्कराचार्य शके १०३६ (इ.स. १११४) मध्ये जन्मले. तिथून पिढीला पंचवीस-सत्तावीस वर्षे धरून पाच पिढ्या मागे गेले, की भास्करभट्ट दहाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेला ठरतो आणि अकराव्या शतकातील धारच्या भोजाशी नीट जुळतो. मात्र त्याचा बाप त्रिविक्रम म्हणजे ‘नलचंपू’ या संस्कृत काव्याचा कर्ता, हे मत मान्य केले तर गणित बिघडते, कारण तो कवी इ.स. ९१५ मध्ये राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या दरबारी होता. त्याचा मुलगा शतकभराने भोजाकडून मान कसा घेईल? एक तर हा त्रिविक्रम वेगळा, नाहीतर मधल्या काही पिढ्या गळल्या.

फारुकी घराण्याने पश्चिमेकडे पाहिले. थाळनेरला राज्य उभारणारा मलिक राजा (मृत्यू १३९९) आपला वंश दुसरे खलिफा उमर अल्-फारूक यांच्यापर्यंत नेत असे. उमर यांचा मृत्यू इ.स. ६४४ चा. मधल्या सुमारे साडेसातशे वर्षांना तीसच्या आसपास पिढ्या लागतात आणि त्यांतल्या बहुतेकांना समकालीन आधार नाही. याउलट बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतील शके १५११ चा संस्कृत लेख पाहावा. मशिदीच्या भिंतीवर संस्कृतात कोरलेली ही मुसलमान राजांची वंशावळ खानदेशाचे मोठे वैभव आहे. राजा मलिक, गझनी, कैसर, हसन, आदिलशाह, मुबारक आणि बांधणारा आदिलशाह, अशी ती उतरते. यातले कैसर व हसन गादीवर बसलेच नव्हते. मूळ शाखा खुंटल्यावर १५०९ मध्ये गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याच्या पाठबळाने हसनच्या मुलाला राज्य मिळाले. लेख राजांचा क्रम देत नसून बाप-लेकांचा क्रम देतो. अशा यादीवरून कारकिर्दी मोजणाऱ्याची फसगत होते.

राजघराणी गेल्यावर ही प्रथा भाटांच्या वह्यांत उरली. भाट यजमानाच्या घरी येऊन वही वाचतो, नव्या जन्मांची नोंद करतो आणि वंश चितोडला, अयोध्येला नेऊन पोचवतो. वरची नावे इतिहासात घेता येत नाहीत. खालच्या सात-आठ पिढ्या मात्र वतनाचे कागद, महजर (वादांचे निवाडपत्र) व देवळांतील लेख यांच्याशी ताडून पाहण्याजोग्या असतात. स्थलांतर, गावे आणि सोयरिकी यांची जी माहिती त्यांत मिळते, ती दुसऱ्या कोणत्याही कागदात मिळत नाही. जुन्या वह्यांची पाने जीर्ण झाली आहेत. ती हाताळण्याआधी त्यांची छायाचित्रे घेणे हे खानदेशच्या अभ्यासकांपुढचे तातडीचे काम आहे.