परक्यावरची दया (ख्रिस्ती आचार)

ओळख ना पाळख अशा माणसाला अडचणीत पाहून थांबणे, त्याच्यासाठी वाट वाकडी करणे आणि पदरमोड सोसणे, हे ख्रिस्ती जीवनाचे नित्यकर्म मानले जाते. सणावारच्या दानधर्मापेक्षा रस्त्यावर, दवाखान्यात, एसटी स्टँडवर माणूस कसा वागतो याच्याशी त्याचा संबंध जास्त. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ख्रिस्ती वस्ती थोडी आहे. तरी या आचाराचा इतिहास इथे चांगलाच जाणवतो, विशेषतः मिरजेत.

त्याचे मूळ येशूच्याही आधीचे आहे. बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या पुस्तकात इस्राएल लोकांना आज्ञा आहे, की तुमच्या देशात राहणाऱ्या परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण मिसर (इजिप्त) देशात तुम्हीही परकेच होता (१९:३४). नव्या करारात मत्तयाच्या २५ व्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे चित्र आहे. तिथे राजा विचारतो ते एवढेच : भुकेल्याला खायला दिले का, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याची विचारपूस केली का, तुरुंगातल्याला भेटलात का. या सहा कृत्यांत मृताला मूठमाती देण्याची भर घालून पुढे चर्चने सात दयाकृत्यांची यादी केली. याकोबाचे पत्र आणखी रोखठोक आहे. उघड्या-उपाशी माणसाला ‘सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा’ म्हणून नुसती बोळवण केली तर काय उपयोग, असे ते विचारते.

पण या आचाराचा कणा म्हणजे लूकच्या १० व्या अध्यायातील शोमरोनी (इंग्रजीत ‘समॅरिटन’) माणसाची गोष्ट. ‘माझा शेजारी कोण?’ असे एका शास्त्र्याने विचारले, तेव्हा येशूने ती सांगितली. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारा रस्ता सुमारे १,००० मीटर खाली उतरतो. वस्ती विरळ, कडेला कपारी, लुटारूंना सोयीचा. तिथे एकाला लुटून, मारून, अर्धमेला टाकले आहे. याजक, म्हणजे मंदिरातला पुरोहित, येतो आणि दुसऱ्या बाजूने निघून जातो. मंदिरातला सेवक असलेला लेवीही तसाच. त्यांनी असे का केले ते येशू सांगत नाही. प्रेताचा विटाळ टाळायचा असेल, असा तर्क भाष्यकार करतात. सोवळ्याओवळ्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला तो लगेच पटतो. मग शोमरोनी येतो. यहुदी आणि शोमरोनी यांचे पिढीजात वैर होते. शोमरोन्यांचे गरिज्जीम डोंगरावरचे मंदिर यहुदी राज्यकर्त्याने इ. स. पू. दुसऱ्या शतकात पाडले होते. हा माणूस जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची काळजी घेतो. सकाळी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी देतो आणि सांगतो, जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन.

गोष्टीचे खरे बळ या शेवटच्या हिशेबात आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. कळवळा याजकालाही आला असेल. शोमरोन्याने उधारीची जबाबदारी घेतली आणि परत येण्याचे ठरवले. गोष्ट ऐकवून येशू त्या शास्त्र्याला विचारतो, यांपैकी शेजारी कोण ठरला? ‘शोमरोनी’ हा शब्द काही शास्त्र्याच्या तोंडून निघत नाही. ‘ज्याने दया केली तो,’ एवढेच तो म्हणतो.

सुरुवातीच्या शतकांत ही शिकवण संस्थांच्या रूपाने उभी राहिली. चौथ्या शतकात बिशप बॅसिलने कॅपाडोशियातील सिझेरिया शहराबाहेर वाटसरू, आजारी आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठी वसाहत उभारली. त्याच शतकातला सम्राट ज्यूलियन ख्रिस्ती धर्माचा विरोधक. हे लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात, अशी त्याची तक्रार होती.

कृष्णाकाठी या परंपरेचे ठळक रूप दिसले ते मिरजेत. मूळचे कॅनडाचे डॉ. विल्यम जेम्स वॉन्लेस (१८६५–१९३३) अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये भारतात आले. मिरजेचे हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झाले. रेल्वेचे जंक्शन असल्याने दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातून रोगी येत. कुष्ठरोग्याला घरचेही दाराबाहेर ठेवत, त्या काळात त्यांच्यासाठी इथे वेगळा दवाखाना झाला. क्षयरोग्यांसाठीचे आरोग्यधाम जिथे उभे राहिले, तो भाग आजही वॉन्लेसवाडी म्हणून ओळखला जातो. डॉक्टर आणि परिचारिका इथेच शिकून तयार होऊ लागल्या. मिरजेला ‘दवाखान्यांचे गाव’ ही ओळख मिळाली, तिची सुरुवात इथली.

साताऱ्याकडची खूण वेगळी आहे. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. पत्नी लक्ष्मीबाई कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या. ते सोवळे हळूहळू गळून पडले. शोमरोन्याची गोष्ट त्या घराने आधी स्वयंपाकघरात पचवली, असे म्हणायला हरकत नाही.

या सेवेवरचा जुना आक्षेप टाळण्याजोगा नाही : औषधाच्या बाटलीबरोबर धर्म पाजला जातो. मिशनच्या लोकांनी वैद्यकीय काम हा सुवार्तेचा मार्ग मानला होता, हे खरेच आहे. त्यांनी ते लपवलेही नाही. बरे झालेल्यांपैकी बहुतेक आपापल्या धर्मात आणि गावात परत गेले, हेही तितकेच खरे. मूळ गोष्टीपुरते पाहिले तर शोमरोनी जखमी माणसाला आपल्या डोंगरावर पूजेला बोलावत नाही. या कसोटीवर प्रत्येक मिशन उतरलेच, असे म्हणता येत नाही.

आज या गोष्टीचे नाव कायद्याच्या भाषेतही आले आहे. पुणे–बंगळूर महामार्ग सातारा जिल्ह्यातून जातो आणि अपघात झाला, की बघ्यांची गर्दी होते. पण ‘पोलिसांची नसती झंझट कशाला’ म्हणून हात कोणी लावत नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने १३४अ हे कलम आणले. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणारा ‘गुड समॅरिटन’ आणि त्याच्यावर त्या मदतीपोटी दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे त्यात म्हटले आहे. चौकशीचा ससेमिरा लागेल ही धास्ती मात्र अजून गेलेली नाही.

मत्तयाच्या यादीतला परका शोधायला या भागात लांब जावे लागत नाही. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कारखान्याजवळ किंवा फडाच्या कडेला कोप्या पडतात. मुकादमाची उचल फेडेपर्यंत घरी परतायचे नसते. गावाचा त्यांच्याशी संबंध मोळ्या आणि खेपांपुरता. विहिरीवर बाईला घागर भरू देणे, तापलेल्या पोराला मोटारसायकलवर सरकारी दवाखान्यात नेणे, कोपीतल्या मुलाचे नाव गावच्या शाळेत घालायला मुख्याध्यापकांशी बोलणे, अशा कामांना पैसा फारसा लागत नाही. वेळ लागतो, आणि हंगामभर पुन्हा पुन्हा जावे लागते.