ऑकलंडमधल्या सामोअन पोरांचा अभ्यास आधी कोणी घेतला? थोडी पार्श्वभूमी

न्यूझीलंडच्या ऑकलंड युनिव्हर्सिटीत आज सामोअन (म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवरून आलेल्या कुटुंबांतल्या) आणि इतर पॅसिफिक बेटांवरच्या विद्यार्थ्यांसाठी स्कॉलरशिप आहे, सीनियर विद्यार्थ्यांची मदत आहे, २००४ ला उघडलेलं 'फाले पॅसिफिका' नावाचं मोठं सभागृह आहे. सरकारने छान सोय केलीये असं वाटतं, पण मागे जाऊन बघितलं तर हे सगळं आधी त्या लोकांनी स्वतःच्या जोरावर उभं केलं होतं, युनिव्हर्सिटी आणि सरकार बरंच नंतर आलं.

१९१४ ला न्यूझीलंडने जर्मनांकडून पश्चिम सामोआ, म्हणजे आजचा सामोआ देश, घेतलं. १९१८ च्या नोव्हेंबरात ऑकलंडहून आलेलं जहाज क्वारंटाइन न करता तिथली राजधानी आपियाला लागू दिलं आणि त्यातून पसरलेल्या फ्लूने साधारण ८,५०० माणसं गेली, म्हणजे पाचातलं एक. स्वातंत्र्य मिळालं १९६२ ला.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र न्यूझीलंडच्या फॅक्टऱ्यांना माणसं हवी होती, म्हणून सामोअन लोक आले, ऑकलंडच्या पॉन्सन्बी, ग्रे लिन अशा भागातल्या जुन्या घरांत दाटीवाटीने राहिले, व्हिसा संपला तरी कोणी विचारायचं नाही कारण कामगार लागत होते. मग १९७३ नंतर मंदी आली, नोकऱ्या कमी झाल्या आणि हेच लोक अचानक डोळ्यांत खुपायला लागले. १९७४ पासून पोलीस पहाटे दार ठोठावून आत शिरायचे, झोपलेल्या पोरांसमोर आईबापांकडे पासपोर्ट मागायचे. पुढे १९८५-८६ च्या एका अभ्यासात दिसलं की व्हिसा संपून राहिलेल्यांत पॅसिफिक लोक होते एक तृतीयांश, पण खटल्यांपैकी ८६ टक्के त्यांच्यावर. अमेरिकन आणि ब्रिटिश लोकही जवळपास तेवढेच होते, त्यांच्यावर ५ टक्के! हे वाचून अजूनही संताप येतो.

याच वातावरणात वाढलेल्या पॉन्सन्बीच्या तरुण पोरापोरींनी १९७१ ला पॉलिनेशियन पँथर्स नावाची चळवळ सुरू केली. त्यांचं नाव निघालं की निदर्शनंच आठवतात, आणि मंत्र्यांच्या घरासमोर पहाटे जाऊन लाउडस्पीकरवर त्यांचेच पासपोर्ट मागितले तेही खरंच आहे, पण मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते होमवर्क सेंटर. आईबाप शिफ्टला, घरात इंग्रजी कमी, शाळेत मास्तर यांना ढ समजणार, मग संध्याकाळी या पोरांना बसवून अभ्यास घ्यायचा कोणी? तो यांनी घेतला. शिवाय पोलिसांनी पकडलं तर तुमचे हक्क काय याची छोटी पुस्तिका काढली, त्यात मदत केली डेव्हिड लाँगी या वकिलाने, जे १९८४ ला पंतप्रधान झाले.

दुसरा आधार चर्चचा. १९४७ पासून ऑकलंडच्या न्यूटन भागातलं पॅसिफिक आयलंडर्स चर्च म्हणजे नव्याने आलेल्यांना घर, नोकरी, ओळखी सगळं मिळायची जागा. ऑक्टोबरातल्या व्हाइट संडेला पोरं पांढरे कपडे घालून बायबलमधल्या ओळी सामोअनमध्ये पाठ म्हणून दाखवतात आणि त्या दिवशी जेवायला आधी पोरं बसतात, मोठी माणसं वाढतात. १९८० च्या दशकात 'आओंगा अमाता' म्हणजे सामोअन भाषेतल्या बालवाड्या निघाल्या, त्याही आयांनी आणि चर्चवाल्यांनी. पण या आधाराचं ओझंही आहे हे बोललं पाहिजे, कारण चर्चची देणगी, गावाकडची लग्नं-मयतं यांचा खर्च कुटुंबावर येतो आणि मग कॉलेजचं पोरगं लेक्चर सोडून रात्रीची शिफ्ट करतं.

सरकारने पहाटेच्या धाडींची माफी मागितली ती थेट १ ऑगस्ट २०२१ ला, तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी, आणि तेव्हाच पॅसिफिक समाजासाठी शिक्षणाच्या स्कॉलरशिप जाहीर झाल्या. १९८२ ला फालेमाई लेसा ही सामोअन बाई लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत, लढून न्यूझीलंडच्या नागरिकत्वाची केस जिंकली होती, पण त्याच वर्षी कायदा करून सरकारने तो हक्क काढून घेतला. तो परत मिळाला २०२४ ला, तोही १९४९ च्या आधी जन्मलेल्यांना, म्हणजे पंचाहत्तरीच्या घरातल्या आणि पुढच्या लोकांना. आपियातल्या आजच्या तरुणांना न्यूझीलंडला राहायला यायचं तर अजूनही १९७० पासून चालत आलेल्या कोट्याच्या लॉटरीत नाव घालावं लागतं.