बहमनी सल्तनत आणि तिचे इतिहासकार

बहमनी सल्तनत ही दख्खनमधली पहिली स्वतंत्र मुसलमानी सत्ता. दिल्लीच्या मुहम्मद बिन तुघलकाविरुद्ध दौलताबादेतल्या अमीरांनी बंड केले आणि ३ ऑगस्ट १३४७ रोजी हसन जफरखान हा तिथेच अलाउद्दीन बहमन शाह या नावाने तख्तावर बसला. राजधानी लवकरच गुलबर्ग्यास गेली. पुढे अहमदशाह वली (कारकीर्द १४२२–३६) याने ती बीदरला हलवली. या घराण्यात एकूण अठरा सुलतान झाले. त्यांतले शेवटचे केवळ नावापुरते होते, कारण तोवर वऱ्हाडची इमादशाही, अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही आणि बीदरची बरीदशाही अशा पाच चुली मांडल्या गेल्या होत्या.

या पावणेदोनशे वर्षांबद्दल आज आपण जे वाचतो, त्यातले बहुतेक मोजक्या फारसी ग्रंथांतून आलेले आहे. ते ग्रंथ मुख्यतः बहमनी तख्त मोडल्यानंतर, वारस दरबारांच्या आश्रयाने आणि इराणातून आलेल्या माणसांनी लिहिले. बहमनींचा इतिहास वाचताना कोणती हकिकत कोणी, कोणाच्या पदरी राहून आणि किती वर्षांनी लिहिली, हे प्रत्येक पानावर विचारावे लागते.

याला मोठा अपवाद इसामीचा. तो दिल्लीचा. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीकरांना दौलताबादेस धाडले, तेव्हा कोवळ्या वयाचा इसामी नव्वदीच्या आजोबांबरोबर निघाला. आजोबा दिल्लीजवळच्या तिलपत या पहिल्याच मुक्कामी वारले. फिर्दौसीच्या ‘शाहनाम्या’च्या वळणावर इसामीने ‘फुतूह-उस-सलातीन’ हे सुमारे बारा हजार बैतांचे (दोन चरणांच्या कडव्यांचे) काव्य रचले. १३५० मध्ये पूर्ण झालेले हे काव्य पहिल्या बहमनी सुलतानाला अर्पण केलेले आहे. तुघलकाबद्दलचा त्याचा राग उघड आहे, आणि आपल्या नव्या धन्याचे बंड न्याय्य ठरवणे हे त्याचे कामच होते. तरीही घटनांच्या इतक्या जवळून लिहिणारा बहमनींना पुन्हा लाभला नाही. शेख आजरी या खुरासानी कवीने अहमदशाहाच्या काळात लिहायला घेतलेला ‘बहमननामा’ आणि मुल्ला दाऊद बीदरीचा इतिहास हे दोन्ही आज मूळ स्वरूपात मिळत नाहीत. उत्तरकालीन लेखकांनी घेतलेल्या उताऱ्यांतूनच ते कळतात.

ते उत्तरकालीन लेखक म्हणजे प्रामुख्याने दोघे. सय्यद अली तबातबा याने अहमदनगरात दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाच्या सांगण्यावरून १५९२ च्या सुमारास ‘बुऱ्हान-ए-मआसिर’ लिहायला घेतला. मोगलांनी १५९५–९६ मध्ये नगरला वेढा घातला आणि चांदबिबीने किल्ला लढवला, तेव्हा तबातबा तिथेच होता. दुसरा मुहम्मद कासिम हिंदूशाह, म्हणजेच फरिश्ता. त्याचा जन्म कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा. त्याचे वडील नगरच्या दरबारात शाहजादा मिरान हुसेन याचे शिक्षक होते, त्यामुळे फरिश्ता लहानपणीच नगरात आला. १५८९ मध्ये त्या शहरात परदेशी मंडळींची कत्तल झाली. त्याच वर्षी तो विजापुरास गेला. तिथे दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या आज्ञेवरून त्याने लिहिलेला ‘गुलशन-ए-इब्राहिमी’ सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात तयार झाला. गोष्ट रंगवून सांगण्याची हातोटी दोघांत फरिश्त्याची मोठी, म्हणून लोकांच्या तोंडी त्याचीच बहमनी राजवट बसली.

संस्थापकाची कथाच घ्या. फरिश्ता सांगतो की, हसन हा दिल्लीतल्या गंगू नावाच्या ब्राह्मण ज्योतिष्याकडे चाकरीला होता. नांगरताना त्याला मोहरांचा हंडा सापडला, तो त्याने धन्यापुढे ठेवला. गंगूने त्याचे राजेपद वर्तवले आणि आपले नाव राजनामात जोडण्याचे वचन घेतले. ‘बहमनी’ हे ‘ब्राह्मणी’वरून आले, ही आजही ऐकू येणारी समजूत याच कथेवर उभी आहे. पण समकालीन इसामीला गंगू ठाऊक नाही; तो हसनाचा वंश प्राचीन इराणी राजा बहमन याच्यापर्यंत नेतो. नाण्यांवरही सुलतानाचे नाव ‘बहमन शाह’ असेच आहे. इराणी वंशावळही बहुधा दरबारी सजावटच असावी, पण सुलतानाला स्वतःला काय म्हणवून घ्यायचे होते, हे नाणेच सांगते.

नाण्यांनी फरिश्त्याला आणखी एका ठिकाणी उघडे पाडले आहे. १३७८ ते १३९७ या काळात राज्य केलेल्या पाचव्या सुलतानाला तो ‘महमूद’ म्हणतो. त्याला ‘मुहम्मद’ म्हणणाऱ्या आधीच्या लेखकांना नावे चुकवल्याबद्दल त्याने दोष दिला आहे. नाणी आणि शिलालेख मात्र ‘मुहम्मद’ असेच सांगतात. या शांतताप्रिय सुलतानाबद्दलची फरिश्त्याची माहिती एरवी मोलाची आहे: अनाथ मुलांसाठी काढलेल्या शाळा, दुष्काळात माळवा आणि गुजरातेतून बैलांच्या तांड्यांनी आणवलेले धान्य, आणि शिराझच्या हाफिज या फारसी कवीला धाडलेले आमंत्रण. हाफिज होर्मुझपर्यंत आला, समुद्रावरच्या वादळाला भ्याला आणि स्वतः यायचे सोडून त्याने एक गझल पाठवून दिली. लढायांचे आकडे मात्र फरिश्त्याकडून जसेच्या तसे घेऊ नयेत. पहिल्या मुहम्मदशाहाच्या (१३५८–७५) काळात विजयनगरशी झालेल्या युद्धांतली प्राणहानी तो पाच लाखांच्या घरात नेतो. शौर्याचा दाखला म्हणून लिहिलेला हा आकडा मोजदाद म्हणून वाचणे चूक आहे.

सर्वांत अवघड प्रश्न दख्खनी–आफाकी वैराचा. दख्खनी म्हणजे उत्तरेतून येऊन इथे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेले आणि इथलेच धर्मांतरित अमीर. हबशीही बहुधा त्यांच्याच बाजूला. आफाकी किंवा गरीब-उद-दियार म्हणजे इराण, इराक, तुर्कस्तानातून नव्याने आलेले. अलाउद्दीन अहमद दुसरा (१४३६–५८) याच्या काळात आफाकी सरदार खलफ हसन, पदवी मलिक-उत-तुज्जार, कोकणच्या स्वारीवर गेला. पकडलेल्या शिर्के राजाने खेळण्याची, म्हणजे विशाळगडाची, वाट दाखवतो म्हणून फौज दाट रानात नेली आणि तिथे ती कापली गेली. जगले-वाचलेले आफाकी चाकणच्या भुईकोटात शिरले. दख्खनी सरदारांनी त्यांना राजद्रोही ठरवणारी पत्रे बीदरला पाठवली, वेढा घातला, मग अभय देऊन बाहेर बोलावले आणि मेजवानीत मारले.

फरिश्त्याच्या लेखणीतून हा प्रसंग अंगावर येतो. पण ज्याने स्वतः नगरातल्या तशाच कत्तलीनंतर गाव सोडले, त्याच्या हातून तो दुसऱ्या रीतीने लिहिला जाणे कठीणच होते. दख्खनी पक्षाच्या बाजूने लिहिलेली चाकणची हकिकत आपल्यापाशी नाही. सह्याद्रीच्या रानात फौज नेणाऱ्या शिर्क्यांची बाजूही कोणी लिहून ठेवलेली नाही, आणि महाराष्ट्राच्या इतिहासाच्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे.

याच वैरात महमूद गावानचा बळी गेला. गिलानहून आलेला हा व्यापारी बहमनींचा सर्वांत कर्तबगार वजीर ठरला. त्याने १४७२ मध्ये गोवा जिंकला, बीदरला त्याच सुमारास मोठा मदरसा उभारला, राज्याच्या चार तरफांचे, म्हणजे प्रांतांचे, आठ भाग केले आणि प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीचे थेट सुलतानाच्या अंमलाखाली आणले. अमीरांना हे सोसले नाही. त्याच्या शिक्केदाराला फितवून कोऱ्या कागदावर मोहर उमटवून घेण्यात आली, त्यावर ओरिसाच्या राजाला स्वारीचे निमंत्रण देणारे पत्र लिहिले गेले, आणि ५ एप्रिल १४८१ रोजी तिसऱ्या मुहम्मदशाहाने वजिराचा शिरच्छेद करवला. त्याच्या मृत्यूचे वर्ष एका फारसी ओळीत गुंफलेले आहे: ‘बे-गुनह महमूद गावान शुद शहीद’, निरपराध महमूद गावान शहीद झाला. अरबी-फारसी अक्षरांना अबजद पद्धतीने ठरलेली मूल्ये आहेत. त्यांप्रमाणे शब्दांची बेरीज अनुक्रमे ८७, ९८, ७८, ३०४ आणि ३१९ होते. एकूण ८८६, म्हणजे हिजरी ८८६, इसवी सन १४८१. तारीख आणि निवाडा एकाच ओळीत देणारी ही रीत फारसी इतिहासलेखनाचा अविभाज्य भाग होती.

कटाच्या अग्रभागी असलेला मलिक हसन निजाम-उल-मुल्क हा मूळचा पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला, लहानपणी पकडून मुसलमान केलेला. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद हा त्याचाच मुलगा. तबातबा याच घराण्याच्या मिठावर जगत होता. गावानच्या खुनाबद्दल त्याचे पान वाचताना हे नाते ध्यानात ठेवले पाहिजे.

सुदैवाने या कालखंडाला दरबारी इतिहासाबाहेरचे दोन साक्षीदार आहेत. पहिला स्वतः गावान: ‘रियाझ-उल-इन्शा’ या संग्रहात त्याची शंभरावर पत्रे आहेत, त्यांत कवी जामीला लिहिलेलीही आहेत. ती अलंकारांनी जड झालेली असली, तरी त्याच वेळची आहेत. दुसरा रशियन व्यापारी अफनासी निकितिन. तो १४७० च्या आसपास चौलला उतरून जुन्नरमार्गे बीदरला गेला. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा हिसकावला आणि मुसलमान हो, तरच परत देतो, असे बजावले. एका खुरासानी गृहस्थाच्या रदबदलीने तो सुटला. सगळे अमीर खुरासानी आहेत, ते चांदीच्या पालख्यांतून मिरवतात आणि गावाकडची रयत अतिशय दरिद्री आहे, हे त्याने नोंदवले. असे वाक्य फरिश्त्याकडे शोधूनही सापडत नाही. रयत त्याच्या कथनात येते ती बहुधा दुष्काळात किंवा कत्तलीत.

एकोणिसाव्या शतकात फरिश्त्याचे वजन आणखी वाढले. साताऱ्याला रेसिडेंट राहिलेल्या जॉन ब्रिग्जने त्याचे इंग्रजी भाषांतर १८२९ मध्ये प्रसिद्ध केले. पाठोपाठ मूळ फारसी ग्रंथ मुंबईत शिळाछापावर निघाला. ग्रँट डफनेही मराठ्यांच्या इतिहासाची पार्श्वभूमी लिहिताना फरिश्त्याचा आधार घेतला होता, आणि तिथून त्याच्या कथा शालेय पुस्तकांत उतरल्या. तबातबाच्या बहमनी भागाचे इंग्रजी रूप १९०० च्या सुमारास आले. विसाव्या शतकात गुलाम यझदानींनी बीदरच्या इमारती आणि शिलालेख तपासले, आणि हारून खान शेरवानींनी ग्रंथ, नाणी, लेख आणि गावानची पत्रे एकत्र ठेवून या घराण्याचा इतिहास नव्याने मांडला.