डोंगर पोखरून निघालेला 188 टनांचा उंदीर

मॉस्कोजवळच्या कुबिन्का इथल्या रणगाडा संग्रहालयात एक उंदीर आहे. वजन 188 टन. जर्मनांनी त्याचं नावच 'माउस' ठेवलं होतं. आपला मूषक आणि त्यांचा माउस एकाच मुळाचे शब्द, त्यामुळे ही थट्टा आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.

1942 मध्ये हिटलरने वाहन-अभियंते फर्डिनांड पोर्शे यांच्याकडे या अवजड रणगाड्याचं काम सोपवलं. पुढच्या बाजूला 20 सेंटीमीटर जाड पोलाद आणि 128 मिलीमीटरची तोफ. तोफेचा नुसता बुरूजच 50 टनांच्या वर गेला. त्याच काळातला जर्मनांचा पँथर हा अख्खा रणगाडा 45 टनांचा होता!

खरी गंमत इथून सुरू होते. कुठलीही वस्तू लांबी-रुंदी-उंचीला दुप्पट केली की तिचं वजन आठपट होतं, पण जमिनीवर टेकणारा तळ चारपटच वाढतो. म्हणजे जमिनीवरचा दाब दुप्पट. उपाय सोपा वाटतो: रणगाड्याच्या चाकांभोवती फिरणारे पट्टे रुंद करा. पण रणगाडे रणभूमीपर्यंत रेल्वेने जायचे, आणि रुळांशेजारचे खांब, बोगदे काही हलत नाहीत. त्यामुळे रुंदी 3.7 मीटरच्या आसपास अडली. त्यात 1.1 मीटरचे दोन पट्टे बसवले. समोरून पाहिलं तर पोटाखाली पट्टेच जास्त, मोकळी जागा कमी. एवढं करूनही दाब दर चौरस सेंटीमीटरला जवळजवळ दीड किलो. माणूस एका पायावर उभा राहिला तर तो अर्ध्या किलोच्या आसपास असतो.

आता हे धूड हलवायचं कसं? इतकं वजन झेलणारा गिअरबॉक्स बनवणं महाकठीण. पोर्शे यांना विजेचं वेड आधीपासूनच होतं. त्यांनी इंजिनाला जनित्र जोडलं आणि त्या विजेवर दोन मोटर चालवल्या, प्रत्येक पट्ट्याला एक. वळायचं असेल तर एक मोटर जोरात, दुसरी हळू. आपल्या रेल्वेची डिझेल इंजिनं याच तत्त्वावर चालतात. फलाटावर त्यांच्याजवळ उभं राहिलं की आधी इंजिनाची घरघर चढते आणि चाक मग सावकाश हलतं. आतलं डिझेल इंजिन चाकांना थेट जोडलेलंच नसतं. मोटर अगदी सुरुवातीलाच सर्वात जास्त जोर लावते, म्हणून ही पद्धत जड गाडीला छान मानवते. मात्र जनित्र आणि मोटर दोन्ही जड. वजनावरचा उपायही वजनातच भर घालणारा!

नद्यांचा प्रश्न तर होताच. इतकं वजन पेलणारे पूल मोजकेच, म्हणून नदी तळावरूनच ओलांडायची, अशी योजना होती. पाण्यात इंजिन चालणार नाही, तेव्हा काठावर दुसरा माउस उभा करायचा आणि केबलने पहिल्याला वीज पुरवायची. कागदावर ही कल्पना मला चक्क आवडते. फक्त पलीकडच्या काठावर शत्रू असेल तर काय, हे विचारू नये.

एकूण ताकद टनामागे जेमतेम सहा अश्वशक्ती. जर्मनांच्याच टायगर रणगाड्याला साधारण बारा मिळत. चांगल्या जमिनीवरही ताशी वीस किलोमीटरच्या आसपास मजल संपली. दोनच नमुने गाड्या तयार झाल्या. 1945 मध्ये माघार घेताना जर्मनांनी दुसरीत स्फोटकं लावून तिचा सांगाडा फोडला; बुरूज मात्र बचावला. सोव्हिएत सैन्याने तो पहिल्या गाडीच्या धडावर बसवला. कुबिन्कात दिसतो तो असा दोन गाड्यांचा जोड.

ही जोडगाडी 1946 मध्ये तिथे पोहोचली ती चौदा आसांच्या खास वाघिणीवर. रेल्वेसाठी अंग चोरून घेतलेल्या या उंदराचा सगळ्यात लांबचा प्रवास रेल्वेनेच झाला.