चुन्यात मुरलेली क्रांती

मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराचं १९२८चं एक चित्र आहे, ‘आपली भाकर’. मेजाभोवती साधी माणसं बसली आहेत आणि त्यांच्यासाठी भाकर मोडतो आहे वर्ध्यात जन्मलेला, परदेशातल्या भारतीयांनी ब्रिटिशांविरुद्ध उभारलेल्या गदर चळवळीतला क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे.

मेक्सिकोत १९१०ला पेटलेली क्रांती दहा वर्षांनी शमली, तेव्हा देशातल्या बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हतं. १९२१ला शिक्षणमंत्री झालेल्या होसे वास्कोन्सेलोस यांनी सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांच्या हवाली केल्या. शेतकरी, खाणकामगार, मूळनिवासी स्त्रिया अशा भिंतींवर आल्या, हे या भित्तिचित्र चळवळीचं खरं मोल.

तंत्र मात्र हाताला बसेपर्यंत वेळ गेला. १९२२मध्ये रिवेराने वितळवलेल्या मेणात रंग मिसळून पहिली भिंत केली. काम फार संथ चाललं. मग तो ओल्या गिलाव्याकडे वळला. सुरुवातीला गिलाव्यात निवडुंगाचा आंबवलेला रस घातला. पण तो सेंद्रिय; कुजला आणि भिंतीवर डाग उमटले. शेवटी विझवून मुरवलेला चुना, संगमरवराची भुकटी आणि पाण्यात घोटलेले रंग, एवढंच उरलं.

सकाळी गवंडी एका दिवसात रंगवून होईल तेवढ्याच जागेवर शेवटचा पातळ थर देतो. तो ओला असेपर्यंतच रंग आत शिरतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि रंगाला धरून ठेवतो. उशीर झाला की रंग वरच राहतो, पुढे पापुद्रे सुटतात. म्हणून संध्याकाळी न रंगवलेला गिलावा कापून काढायचा, आणि सांधा आकृतीच्या कडेवर घ्यायचा म्हणजे दिसत नाही. रंग बहुतेक मातीचे, कारण चुन्यात टिकणारे रंग मोजकेच. (आपल्या अजिंठ्याची चित्रं मात्र कोरड्या गिलाव्यावरची.)

खानखोजे चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवत, मक्याच्या वाणांवर संशोधन करत. तिथल्याच जुन्या प्रार्थनामंदिरात रिवेराने क्रांतीतला शेतकरी नेता झापाता आणि त्याचा साथी मोंतान्यो यांना लाल कफनात गुंडाळून जमिनीखाली रंगवलं. त्यांच्या अंगावर मका उगवला आहे. जमीन कसणाऱ्याची, ही झापाताची मागणी याहून थेट कुणी रंगवलेली नाही.

अशा भिंती खुपणारच. १९३३ला न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये रिवेराने लेनिन रंगवला. काम थांबवलं गेलं आणि फेब्रुवारी १९३४मध्ये चित्र फोडून काढलं. मुरलेला रंग पुसून जात नाही. त्याच वर्षी रिवेराने ते मेक्सिको सिटीत पुन्हा रंगवलं. याच चळवळीतल्या सिकेरोस या चित्रकाराने लॉस एंजेलिसमध्ये १९३२ला क्रुसावर बांधलेला मूळनिवासी रंगवला होता. त्यावर पांढरा रंग फासला गेला. वर्षानुवर्षांच्या उन्हापावसात तो पांढरा थर उडत गेला, खालची आकृती डोकावू लागली. जतनाचं काम होऊन २०१२पासून ती भिंत पुन्हा लोकांना पाहता येते.