सिरिंज किरणोत्सारी होत नाही. बदलतं ते प्लास्टिक

‘गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या सिरिंजमध्ये किरणोत्सार उरतो’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेल्या ‘आयसोमेड’ या निर्जंतुकीकरण केंद्रात 1974 पासून बंद खोक्यांतलं वैद्यकीय सामान असंच निर्जंतुक होतं. हे गॅमा किरण कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूतून येतात; त्यांची ऊर्जा 1.17 आणि 1.33 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. प्लास्टिकमधल्या कार्बन-हायड्रोजनचे अणुगर्भ किरणोत्सारी करायला ती पुरत नाही. उजेडात ठेवलेली वाटी अंधारात चमकत नाही, तसंच हे.

पण म्हणून ‘प्लास्टिकला काहीच होत नाही’ हेही खरं नाही, आणि मला याचीच जास्त काळजी वाटते. नेहमीची मात्रा साधारण 25 किलोग्रे (ग्रे म्हणजे वस्तूनं शोषलेल्या किरणोत्साराचं एकक). तेवढ्यानं रेणूंचे बंध तुटतात. पॉलिथिनच्या रेणूंच्या साखळ्या बहुतेक एकमेकींना जोडल्या जातात, सिरिंजसाठी वापरतात त्या पॉलिप्रॉपिलिनच्या तुटतात. वर हवेतला ऑक्सिजन त्या तुटक्या टोकांना चिकटतो आणि गोदामात पडून असतानाही झीज महिनोन्‌महिने चालू राहते. साधं पॉलिप्रॉपिलिन मग जरा वाकवलं की कडकन मोडतं. पाकीट फोडल्यावर येणारा उग्र वास याच ऑक्सिडेशनचा असू शकतो. पीव्हीसी पिवळं पडतं, त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो. टेफ्लॉन तर या कामाला जवळपास निरुपयोगीच.

म्हणून वैद्यकीय प्लास्टिकमध्ये किरणं सोसणारी स्थिरकं मिसळतात. त्यांतल्या काहींमुळेही पिवळी झाक येते, तेव्हा नुसत्या रंगावरून माल खराब ठरवू नका. पाकिटाची शिवण उकललेली किंवा नळीला तडा दिसला, तर मात्र ती वस्तू वापरू नका.